जो बसला त्याला औषध

कोइंबतूर, १० जानेवारी २०२५

दादा,

तेलानं गाठ होत नाही. एवढं तरी डोक्यात घे. ते तेल गुडघ्याला चोळायचं होतं, बाटलीवर तसं चित्रच आहे. आणि आईनं ते कुठं लावलंय? शेजारणीला देऊन टाकलं असणार. तू मात्र डॉक्टरीणबाईंसमोर बसून सांगितलंस, "आमचा धाकटा तिकडनं कसली कसली औषधं पाठवतोय, त्यानंच झालं आसंल हे." बाई हसल्या म्हणे. वहिनीनं सांगितलं. तिच्यावर चिडू नको, मीच खोदून खोदून विचारलं.

तुझं हे नेहमीचं आहे. काही बिनसलं की सिदू. चिंचोळीच्या कारखान्यात तू मला चिकटवलंस आणि मी चार महिन्यांत सोडलं, हे खरं. मग बेकरी सोडली, ट्रकवरची क्लीनरकी सोडली, हेही खरं. मला एका जागी बसवत नाही, त्याला मी काय करू. पण आईचा हात मी पिरगळला नव्हता. हे परत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, लिहून झालं. आता खोडत नाही.

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही म्हणून कागद. पत्ता कारखान्याचा घातलाय. तिथं चार माणसांसमोर सही करून घ्यावं लागेल, परत पाठवायची तुला लाज वाटेल.

आता मुद्द्याचं. वहिनी सांगते ते, आई सांगते ते आणि कुणीच सांगत नाही ते असं जुळवून मला कळलंय ते लिहितो. चुकलं तर सांग. आई घागर उचलताना कमरेत कळ येऊन खाली बसली. फोटोत मणक्याला चीर निघाली. नुसत्या घागरीनं मणका कसा चिरतो म्हणून मोठ्या मशिनीत घातली, तर डाव्या किडनीच्या वर गाठ सापडली, लिंबाएवढी. कॅन्सरची नाही असं दोघंही डॉक्टर म्हणाले. पण तशी गाठ कधी कधी कॉर्टिसॉल नावाचा रस आपल्या मनानं जास्त सोडते, म्हणून तपासणी. रात्री गोळी घ्यायची, सकाळी रक्त द्यायचं. गोळी घेतल्यावर रस खाली आला तर गाठ निरुपद्रवी, तशीच राहू द्यायची. नाही आला तर ती ऐकत नाही असं समजायचं.

आईचा खाली आला नाही. आला तो एवढा वर, की बाईंनाच शंका आली. एवढा रस असता तर तोंड सुजलं असतं, अंगावर दिसलं असतं, परत तपासू, असं त्या म्हणाल्या. तू म्हणालास त्यांना पैसे काढायचेत. कापणाऱ्या डॉक्टरकडं गेलास आणि तीस जानेवारीची तारीख घेऊन आलास.

ती तारीख पुढं ढकल.

का ते विचारू नको. बाई म्हणतात तसं परत तपास, आणि या वेळी गोळी आईच्या हातात देऊ नको. मागच्या वेळी ती गोळी पदराला बांधून गावाकडं गेली, मंगळवेढ्याच्या पहिल्या एस्टीनं सकाळी रक्त द्यायला आली. या वेळी तिला सोलापुरात तुझ्या घरी ठेव. तोंडात घाल, पाणी पाज, गिळली का बघ.

मी असतो तर केलं असतं, असं लिहीत नाही. लिहिलं की तू म्हणणार, मग ये की. मला येता येत नाही. इथं लग्नाचा हंगाम आहे, जुने दागिने पोत्यानं येतात म्हटलं तरी चालेल. ते वितळवून सोनं चोख करायचं, एवढंच आमचं गलाईचं काम, पण भट्टी सोडून हलता येत नाही.

सिदू


कोइंबतूर, २० जानेवारी २०२५

दादा,

वहिनीच्या फोनवरून तुझा निरोप आला. "डाक्टर कवापास्नं झालास? भट्टी फुक की तुझी." बरं. भट्टी फुकतोय.

तारीख तशीच ठेवलीस, म्हणून आता सांगावंच लागतंय. मला आईनं आण घातलीय. फोनवर. "हातात बिरोबाचा भंडारा घे आन् म्हन, दादाला सांगनार न्हाय." इथं कुठला भंडारा? मेसमधल्या आचाऱ्याकडून चिमूटभर हळद घेतली, तो काहीतरी तमिळमधून ओरडला, आणि मी म्हटलं, "घेतला, आये." सांबारातली हळद बिरोबाला चालते का ठाऊक नाही. चालत असेल तर पाप माझं. तू फक्त वाच.

मला पहिल्यापासून काहीतरी खटकत होतं. आपल्या आईनं कुठलं औषध पुरं घेतलेलं मी बघितलं नाही. म्हणून विचारलं.

"आये, ती रातची गोळी घेतली हुतीस का?"

"कंची?"

"रक्ताच्या आदल्या दिशीची."

"व्हय की."

"आये."



"भोरीला दिली," म्हणाली.

"मेंढीला?"

"मग कुनाला? दोन दिस बसली हुती ती. कान पाडून. मेडिकलवाला पुडी बांधताना त्याच्या पोराला म्हनला, ही डेक्साची हाय. मला काय कळत न्हाय व्हय? आपल्या ढोरांच्या डाक्टरच्या सुईत तीच आसती. बसलेलं मेंढरू उठतंय तिनं."

"आगं, ती तुज्यासाठी हुती. तपासायला."

"मी उभी हाय की रं. ती बसली हुती."

मी हसलो. मग ती पण हसली. मग मला म्हणाली, हळद घे हातात.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही, तू त्याच वाड्यात वाढलास. जे बसलं त्याला औषध, जे चालतंय त्याला काठी. आपला बाप तरी काय, आबांच्या छातीत कळा येत होत्या तेव्हाही ते कळपामागं चालतच होते. चालत होते म्हणून कुणी त्यांना काही दिलं नाही. ते बसले आणि संपलेच. आईनं मणका चिरल्यावरसुद्धा चौथ्या दिवशी पाणी शेंदलं. तिच्या हिशेबानं ती आजारी नाहीच. आणि हा आजारही तसलाच दिसतोय, माणसाला पुरतं बसू देत नाही.

म्हणजे तुझ्याकडं जो कागद आहे त्याला काही अर्थ नाही. गोळी न घेता दिलेलं रक्त आहे ते. कुणाचंही सकाळचं रक्त एवढंच येईल, असं बाई म्हणतील, विचार त्यांना. आमच्यात दोन गिऱ्हाइकांच्या सोन्याचे नमुने मिसळले तर सेठ भट्टी थांबवतो, चोख किती ते सांगत नाही. सोन्यासाठी थांबतात.

गाठ निरुपद्रवी असली तर तू आईचं पोट फुकट कापणार. नसली तर कापायला लागेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी कळू दे.

हे पत्र वेळेत पोचलं नाही तर म्हणून हेच सगळं वहिनीला पण सांगितलंय. तू म्हणशील सिदूनं पढवलंय हिला. म्हणून खाली सही करतोय. आणि आईला बोलू नको. बोललास तर ती मला बोलेल, तुला नाही.

भोरी उठली. आई म्हणते गोळीनं. तिप्पण्णाला मी फोन केला होता, आई नसताना कळपाबरोबर तोच आहे. तो म्हणाला, "अव्वाला काई सांगू नको, पर मेंढी तशीच उठली आसती. ज्वारीचं कवळं खाऊन फुगली हुती."

सिदाप्पा (पूर्ण सही)


कोइंबतूर, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तारीख रद्द केलीस ते कळलं. मला सांगितलं नाहीस, पण कळलं.

दुसऱ्या तपासणीची गंमत वहिनीनं सांगितली. आईला खुर्चीवर बसवली, गोळी तोंडात घातली, तांब्याभर पाणी पाजलं, आणि वहिनी म्हणाली, "आता आ करा." आई म्हणाली, "मी काय कोकरू हाय?" वहिनी म्हणाली, "कोकराचा भरवसा तरी हाय." वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात बसून लई धीट झालीय. आपल्या घरात आईला असं कुणी बोललं नव्हतं.

रिपोर्ट मला वहिनीनं फोनवर पाठवला. मला त्यातले फक्त आकडे कळतात. दोनच्या आत पाहिजे, चारच्या जवळ आलाय. पहिला तर पंधराच्या घरात होता. म्हणजे तू म्हणत होतास तेवढं नाही आणि मला वाटत होतं तसं काहीच नाही असंही नाही. मधलं. आणखी रक्तं घेतली, त्यातही तेच निघालं म्हणे.

बाई काय म्हणाल्या ते वहिनीनं फोनमध्ये भरून घेतलं आणि मला पाठवलं. मी ते जेवताना ऐकलं, मग परत ऐकलं. तू समोरच बसला होतास, तुझा खोकला ऐकू येतो त्यात. पण तू ऐकलंस का ते मला माहीत नाही, म्हणून लिहितो.

त्या म्हणाल्या, ही गाठ रस थोडाच जास्त सोडते. जास्त सोडला असता तर चेहरा गोल झाला असता, कुणीही ओळखलं असतं. थोडा सोडते म्हणून ओळखू येत नाही, आणि वर्षानुवर्षं सोडते म्हणून नुकसान करते. बीपीची गोळी एक डॉक्टर देतो, साखरेची दुसरा, हाडाची तिसरा, आणि तिघांनाही वाटतं वय झालं. आईचं वय काय, चोपन्न. पोट वाढलं तर गावातल्या बाया म्हणाल्या, पोरांचं पैसं अंगाला लागलं मायाक्काच्या. आई पण खूश होती त्यावर.

मग वहिनीनं विचारलं ते ऐक. मी तिला विचार असं सांगितलं नव्हतं, तिनं आपल्या मनानं विचारलं. "म्याडम, ह्यांच्या हाताला लगेच डाग पडतात, काळंनिळं. ते कशानं?" बाई म्हणाल्या, त्यानंच. कातडी पातळ होते. नुसतं घट्ट धरलं तरी बोटं उमटतात. आणि मांड्यांतली ताकद जाते, उकिडवं बसलं की हाताला धरून उठवावं लागतं.

इथं तुझा खोकला आहे.

तीन वर्षांपूर्वी आई शेळीची धार काढायला बसली होती आणि तिला उठता येईना. मी दंडाला धरून उठवली. संध्याकाळी तू आलास, तिच्या दंडावर माझी चार बोटं बघितलीस. मी सांगितलं, उठवताना धरलं. तू म्हणालास, "शेळी पिळायला बसलेली बाई उठत न्हाय व्हय? पैशापायी हात पिरगाळलास तिचा." त्या दिवशी मी पैसे मागितले होते, हे खरं. सकाळी मागितले होते. आईला विचारलंस तर ती म्हणाली, "लागलं आसंल कुटंतरी." तिला खरंच कळलं नव्हतं. तुला वाटलं मला झाकतेय.

मला यावर काही म्हणायचं नाही. बाई म्हणाल्या ते लिहिलं.

आता ऑपरेशनचं. बाईंचं म्हणणं, करायलाच पाहिजे असं नाही. गोळ्यांवर बीपी, साखर सांभाळता येते, हाडाला सुई आहे, दर काही महिन्यांनी बघत राहायचं. पण या वयात मणका चिरलाय, म्हणून काढलेली बरी असं त्यांना वाटतं. दुर्बिणीतनं काढतात, पोट फाडत नाहीत. काढल्यावर बीपी, साखर सुधारेल, पण पूर्ण जाईलच असं बोलणार नाही म्हणाल्या. मला ती बाई आवडली. हमी देत नाही.

शेवटी त्या एक बोलल्या ते तू लिहून ठेव. एक गाठ एवढी वर्षं जास्त रस सोडत होती म्हणून दुसऱ्या किडनीवरची, हाच रस करणारी ग्रंथी झोपी गेलीय. गाठ काढली की अंगात रसच नाही. ती दुसरी जागी होईस्तोवर गोळ्या घ्यायच्या, रोज, वेळेवर, कित्येक महिने. ताप आला, उलटी झाली तर जास्त घ्यायच्या आणि दवाखाना गाठायचा. मनानं बंद केल्या तर बीपी पार खाली जाऊन माणूस बसतं ते उठत नाही.

त्या गोळ्या पण त्याच जातीच्या आहेत, दादा. डेक्साच्या भावकीतल्या. कळपात एखादं मेंढरू बसलं की आई काय करेल, हे तुला सांगायला नको.

सिदू


कोइंबतूर, २ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. कारखान्याच्या छापील कागदाच्या पाठीवर लिहिलंयस, सायबानं बघितलं तर ओरडेल. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं. चार ओळी आहेत. ऑपरेशन अठरा मार्चला. मेंढरं विकायची. मोडनिंबच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालंय. आणि शेवटी, "हाताचं कळलं."

बरं.

मेंढरांचं मात्र जमणार नाही. तुझा हिशेब मला कळतो. तू पाळीवर, वहिनी कामावर, आई गावाकडं गेली की गोळ्या कुणाच्या पोटात जातात बघायला कोणी नाही. मेंढरंच नसली तर देणार कुणाला? सरळ हिशेब आहे. पण आईनं मला काल काय सांगितलं ते ऐक.

"तुज्या दादाला सांग, मेंढरं इकली तर मी त्या टेबलावर निजायची न्हाय."

"आये, तुज्या भल्यासाठीच म्हनतोय त्यो."

"मला ठावं हाय. त्या बाईनं मला समदं सांगितलं. गाठ काढा, मी व्हय म्हनले. माज्या अंगातली हाय, मला कळतंय की, पाय माजं न्हाईत आसं वाटतंय कवापास्नं. रातीला झोप न्हाय. सारखं रडू येतंय, का तर काय न्हाय. म्हनलं देवानंच काय केलं आसंल. आता कळलं गाठ हाय. काढा. पर उठून कुटं जाऊ मी? सोलापुरात तुज्या दादाच्या गच्चीवर?"

एवढा वेळ ती फोनवर कधी बोलली नव्हती. रडू येतं हे तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझ्यावर रागावलीय म्हणून आवाज तसा येतो.

मग मी तिला विचारलं, आणि घरी गेल्यावर गोळ्या कुणाला देशील? म्हणाली, "न्हाय देनार." मी म्हटलं, आण घे. तर म्हणते कशी, "आन घ्यायला मी काय खोटारडी हाय?" म्हणजे देणार.

म्हणून तिला शपथा घालण्यात अर्थ नाही, आणि मेंढरं विकण्यातही नाही. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांग. कळप जसा आहे तसा राहू दे, तिप्पण्णा बघेल. त्याला म्हणावं, ढोरांच्या डॉक्टरचा नंबर फोनमध्ये घालून ठेव, मेंढरू बसलं की आधी त्याला बोलाव, म्हणजे अव्वाच्या पुडीकडं बघायची पाळी येणार नाही. तिप्पण्णाला गोळ्यांची वेळ पण सांगता येईल, पण आई त्याचं ऐकत नाही. ती त्याला अजून लहान समजते, त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी. वहिनीचं ऐकते, पण वहिनीची नोकरी सोडवू नको. तिला ते काम आवडतं, तुला कदाचित माहीत नसेल. तुझं ऐकते, पण तू नसतोस.

आईच्या पिशवीत एक चिठ्ठी पाहिजे, तिच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेली. कुठं पडली, बेशुद्ध झाली तर जो कोणी उचलेल त्याला कळायला पाहिजे. ती बाईंकडून सही घेऊन तयार ठेव. तातडीची सुई घरात ठेवायची असं त्या म्हणाल्यात, ती कशी टोचायची ते ढोरांच्या डॉक्टरकडून नाही, त्यांच्याकडूनच शिकून घ्यायचं. कोण शिकणार ते ऑपरेशनच्या वेळी बघू.

सेठला मी सांगितलं. सेठ काय म्हणाला ते लिहीत नाही. इथं माणसं पुष्कळ मिळतात, विट्याकडची पोरं रांगेत उभी असतात. माझं तसं कुठंच फार दिवस जमत नाही, हे तू सगळ्या पाहुण्यांत सांगून ठेवलंयसच, तेव्हा कुणाला नवल वाटायचं नाही.

आईला एवढ्यात काही बोलू नको. ती मग गावाकडं जाऊन घर सारवायला बसेल, आणि उठायला कोण धरणार.

पैसे या वेळी वहिनीच्या नाही, तुझ्या खात्यावर टाकतोय. तिप्पण्णाचा या महिन्याचा पगार त्यातूनच दे, उरतील ते दवाखान्याला. अठरा हजार होते माझ्याकडं. त्यातले सहाशे रेल्वेच्या तिकिटाला काढून ठेवलेत. बाकीचे आज पाठवले, रुपये सतरा हजार चारशे.